चाकोरी सोडू नका: ठाणे-पनवेलकडच्या नव्या फोर बाय फोरवाल्यांसाठी

चाकोरी हा शब्द आपण आता जवळजवळ शिवीसारखा वापरतो, चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीतली नोकरी वगैरे. मूळ अर्थ साधाय, बैलगाड्या जाऊन जाऊन जमिनीत जे दोन खोल पट्टे पडतात ती चाकोरी. आता गाड्यांच्या जाहिराती सांगतात चाकोरीबाहेर जा, मग आपण पाच-सात वर्षांचं कर्ज काढून फोर बाय फोर घेतो आणि खरंच चाकोरीबाहेर जातो, म्हणजे कोणाच्या तरी शेतात जातो. मीपण गेलोय, म्हणून तर लिहायला बसलोय.

झालं असं की जुलै महिना, मुरबाडच्या पुढे, तीन गाड्या, माझी सगळ्यात नवीन. पुढच्या दोन गाड्या वाटेवरच्या डबक्यातून गेल्या आणि मला वाटलं आपण कशाला रंग खराब करा, बाजूने काढू, बाजूला मस्त हिरवं गवत दिसत होतं. ते गवत होतं भाताच्या खाचराच्या बांधावरचं. उजवं चाक बांधावर चढलं, बांध बसला, गाडी पोटावर टेकली. मित्राने दोरी लावून दहा मिनिटांत काढली, आम्ही शिट्ट्या मारल्या, व्हिडिओ काढला, आणि मग वरच्या अंगाने एक काका आले, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, ते बघत होते बांधाला पडलेल्या खांडातून खालच्या खाचरात धो धो जाणारं पाणी. म्हणाले, "गाडी काय, निघल दोरीनं. पानी निघून गेलं ते कुठनं आनू?"

तीन दिवसांपूर्वीच लावणी झालेली. वरच्या खाचरातलं पाणी गेलं आणि खालच्या खाचरातली रोपं त्या लोंढ्यात आडवी झाली, म्हणजे एका चाकाने दोन खाचरं. पुढे काय केलं ते शेवटी सांगतो, पण तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि खालचं सगळं त्यातूनच निघालंय: जिथून आधीपासून चाकं जातात तिथूनच आपली जाणार, आणि उद्या सकाळी त्या वाटेने जो जाईल त्याला आपण काल येऊन गेलो हे कळता कामा नये.

आधी घरी बसून

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे मोकळी जागा दिसली की ती मोकळी असते. आपल्याकडे बिनमालकाची जमीन नसतेच, एक तर कोणाच्या सातबाऱ्यावर असते, नाहीतर वनखात्याची, गायरान, सिडकोची, धरणाची, कोणाची तरी असतेच. महाभूनकाशावर (सरकारची जमिनीच्या नकाशांची वेबसाइट) गट नंबर बघता येतो, तिथून सातबारा काढता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे आणि फुकट आहे, पण आपण ते सोडून कुठल्या तरी रीलमधला धबधबा शोधत बसतो.

काही ठिकाणं तर डोक्यातून काढूनच टाका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, जवळजवळ १०४ चौरस किलोमीटरचं ते जंगल आणि चारी बाजूंनी आपण, बिबट्यांना जायला दुसरी जागा नाही. तिथे पाड्यांकडे जाणारा रस्ता आहे म्हणून डोंगरात गाडी घालायचा परवाना मिळत नाही, आणि रात्री लाइटबार लावून "बिबट्या दिसतो का बघू" हा प्रकार तर मला डोक्यात जातो. कर्नाळा अभयारण्य जेमतेम १२ चौरस किलोमीटरचंय, तिथे तर प्रश्नच येत नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि राखीव वनात घुसलात तर १९२७ चा भारतीय वन अधिनियम आहेच, त्यात गाडी जप्त होऊ शकते, मग हप्ते भरत बसा उभ्या गाडीचे. माथेरानला तर मोटारगाडी न्यायचीच नाही हे सगळ्यांना माहितीय, पण खालचा पट्टासुद्धा २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये येतो हे माहीत नसतं.

नवी मुंबईकरांनी अजून एक लक्षात ठेवा, खाडीकडची चिखलाची सपाट जागा म्हणजे मैदान नव्हे. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. त्या चिखलात पक्ष्यांचं जेवण असतं, वरून नुसता काळा गाळ दिसतो. कांदळवन तोडायला, त्यात भराव टाकायला हायकोर्टाची बंदी आहे, आणि त्यापासून ५० मीटरचा पट्टा राखून ठेवायचा असतो. शिवाय त्या गाळात गाडी रुतली की क्रेन आतपर्यंत येत नाही आणि भरती मात्र वेळेवर येते.

मग उरतं काय? बरंच उरतं. खाजगी जागेवरचे ऑफरोड ट्रॅक आहेत जिथे पैसे भरून दिवसभर गाडी तापवता येते, नवशिक्याने पहिले दोन-तीन वेळा तिथेच जावं, चुका तिथे करून घ्याव्यात. आणि गावोगावच्या गाडीवाटा आहेत, शहापूर, मुरबाड, कर्जत, पनवेलच्या मागे नेरे-मालडुंग्याकडे. त्यासाठी आधी एकदा एकटे जा, बाईकवर गेलात तर उत्तम. चहाच्या टपरीवर बसा, सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा, ज्याच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीतून वाट जाते त्याला विचारा. काय विचारायचं ते सांगतो: ही वाट कुठे जाते, रोज कोण वापरतं, पुढे कोणाचं पीक उभंय का, आणि आम्ही अमुक रविवारी चार गाड्या घेऊन आलो तर चालेल का. नाही म्हणाले तर नाही. पैसे काढून दाखवू नका लगेच, त्याने नाही चं हो होतं पण ते हो खरं नसतं. हो म्हणाले तर फोन नंबर घ्या आणि आदल्या दिवशी परत फोन करा, कारण मध्ये पाऊस झाला असेल, कोणाकडे लग्न असेल, मयत असेल, आणि आपण सायलेन्सर फाडत जाणार.

सायलेन्सरवरून आठवलं, कंपनीचा काढून आवाजाचा बसवला असेल तर तो कायद्यात बसत नाहीच, पुढचा लोखंडी बुलबार केंद्राने २०१७ सालीच बंद केलाय. पण कायदा सोडा, डोंगरात आवाज किती लांब जातो हे एकदा पाड्यात बसून ऐका, मग कळेल.

कधी जायचं आणि कधी घरी बसायचं

आपल्या सगळ्यांना पावसाळा पाहिजे असतो. आणि नेमका पावसाळाच चुकीचा. ओल्या मातीच्या कणांमध्ये हवेची-पाण्याची जागा असते, वरून दोन टनाची गाडी गेली की ती जागा चेपून जाते आणि मग तिथे पाणी मुरत नाही, चाकाच्या पट्ट्यातून वाहायला लागतं. उतारावर असेल तर बघायलाच नको, दोन पावसात त्या पट्ट्याचा ओहळ होतो आणि माती धुपून खाली कोणाच्या तरी विहिरीत नाहीतर खाचरात जाऊन बसते. आणि गंमत अशी की जमीन सगळ्यात जास्त दबते ती पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच, नंतरच्या फेऱ्यांनी थोडी थोडी. म्हणजे "मी एकटा गेलो तर काय होतंय" हे गणित उलटंय, कोऱ्या जमिनीवर पहिल्या गाडीचंच पाप सगळ्यात मोठं. आधीपासून घट्ट झालेल्या गाडीवाटेत आपल्या चार गाड्यांनी फारसा फरक पडत नाही, चाकोरी चाकोरी म्हणून मी ओरडतोय ते यासाठी.

माथ्यावरची पठारं तर पावसाळ्यात पूर्ण सोडून द्या. तिथे कातळावर जेमतेम इंचभर माती असते, त्यात सीतेची आसवं, सोनकी, तेरडा, बोटाएवढी झाडं, वर्षातले थोडेच दिवस त्यांचे. एक डोनट मारला, म्हणजे गाडी जागच्या जागी गोल गरगर फिरवली, की त्या गोलातली माती पुढच्या पावसात गेली, आणि इंचभर माती परत जमायला किती पिढ्या लागतात ते विचारू नका. उतारावरची कारवी पण तशीच, सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, आणि तिच्याच काठ्यांच्या कुडाच्या भिंती असतात पाड्यांमध्ये. ती झुडपं म्हणून चिरडायची गोष्ट नाही. शिवाय पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या आसपास जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात, निघण्याआधी ठाणे आणि रायगड दोन्हीकडचे बघून घ्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी-झोडणी चालू असते, वाटेवरून भाऱ्यांची ये-जा असते, तुम्ही मध्ये आलात तर त्यांचं काम अडतं. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ, जमीन कडक, हवा थंड. पण इथे पण एक फसगत आहे. भात निघालं की खाचर रिकामं दिसतं आणि लोक बिनधास्त आत घालतात. पनवेल-अलिबागकडे त्याच ओलीवर वाल पेरलेला असतो, सुरुवातीला तो चार बोटं असतो, गाडीतून दिसतच नाही. थंडीत पोपटी लावून शेंगा खाताना बोटं चाटतो ना आपण, तो हाच वाल.

मार्च ते मे मध्ये दोन गोष्टी, एक वणवा, त्याचं पुढे बोलू, आणि दुसरी टिटवी. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या माळावर नाहीतर नदीच्या गोट्यांमध्ये जरासा खड्डा करून चार अंडी घालते, ती अगदी मातीच्या खड्यांसारखी दिसतात. मी शहापूरच्या बाजूला एकदा उतरून पाहिलंय, दोन हातांवर होतो तरी एक मिनिट सापडेनात, शेवटी टिटवी डोक्यावरून झेप घेत होती त्यावरून अंदाज आला. वेळ पडली तर टिटवीही समुद्र आटवते म्हणतात, पण दोन टनाच्या गाडीपुढे ती फक्त ओरडू शकते. तेव्हा माळावर टिटवी कलकलाट करत घिरट्या घालायला लागली की समजायचं आपण तिच्या घरात आहोत, गाडी थांबवायची आणि आलो त्याच पट्ट्यावरून मागे घ्यायची.

हवा कमी करा, डोकं थंड ठेवा

ऑफरोडिंगमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे टायरची हवा, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करत नाहीत. रस्त्यावर ३०-३२ पीएसआय ठेवतो, कच्च्या वाटेवर २०-२२ पर्यंत उतरवा, वाळूत १५-१८. हवा कमी झाली की टायर पसरतो, लांबीला जास्त जमीन धरतो, वजन वाटलं जातं, त्यामुळे गाडी रुतत पण नाही आणि वाट उकरत पण नाही, दोन्ही फायदे एकाच गोष्टीत. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. आणि हवा कमी असताना ३०-४० च्या वर पळवू नका, डांबरावर आलात की परत भरा, म्हणजे बारा व्होल्टचा कंप्रेसर पाहिजेच, पाच मिनिटं प्रत्येक चाकाला लागतात, तोवर चहा प्या.

दुसरं म्हणजे फोर बाय फोर अडकल्यावर लावायचा नसतो, अडकायच्या आधी लावायचा असतो. मातीत उतरतानाच फोर एच (चारही चाकांना जोर, नेहमीचे गिअर), चढ-उतार-दगड आले की थांबून फोर एल (चारही चाकांना जोर, हळू पण जास्त ताकदीचे गिअर). टू व्हीलवर, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, जोर मारत चढ चढायला गेलं की मागची चाकं फिरतात, फिरणारं चाक म्हणजे खोरं, एका मिनिटात वाटेला गुडघाभर खड्डा पाडतं. तो खड्डा उद्या दूधवाल्याच्या बाईकला भेटतो. चाक फिरायला लागलं की पाय काढा, ही सवय लागायला मला वर्ष गेलं कारण आतून जोर मारावासाच वाटतो. चढावर गाडी दम सोडून थांबली तर रिव्हर्स टाकून सरळ मागे या, आडवी वळवायला जाऊ नका, आडवी झालेली गाडी लोळते. उतरताना फोर एल पहिला गिअर, ब्रेकवर उभं राहू नका, चाक लॉक झालं की घसरतं पण आणि माती पण ओढून नेतं. आणि जुनी पार्ट टाइम सिस्टिम (पुढची-मागची चाकं एकाच वेगाला बांधणारी) असेल तर डांबरी रस्त्यावर फोर एचमध्ये फिरत बसू नका, गिअरबॉक्सला त्रास होतो.

डबकं आलं तर मधून जा. हो, मधून. बाजूने काढलं की वाट रुंद होते, पुढचा अजून बाजूने काढतो, तीन महिन्यांत आठ फुटांची वाट वीस फुटांची होते आणि ती वाढलेली बारा फुटं कोणाच्या तरी शेतातली असतात, माझ्या त्या बांधासारखी. मधून जायची हिंमत होत नसेल, म्हणजे काठी घालून बघितलं आणि खाली तळ लागत नसेल, तर मागे फिरा. मागे फिरणं हा पण ऑप्शन आहे, ग्रुपवर दोन दिवस चिडवतील, तेवढंच.

ओढा ओलांडताना आधी पायी उतरा. जिथून गुरं जातात, बैलगाडी जाते तिथूनच काठाला सरळ काटकोनात पलीकडे जायचं. पात्रातून वर-खाली गाडी फिरवून पाणी उडवायचं, फोटो काढायचे, हे नको. इंजिनच्या खालचं ऑइल, ग्रीस, सगळं त्या पाण्यात उतरतं आणि खालच्या अंगाला गावाची नळपाण्याची विहीर असते, बाया कपडे धुत असतात. कोणी पाण्यात असेल तर थांबा, इंजिन बंद करा, त्यांचं झालं की मग जा. महिंद्रा थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितलीय, पण ती स्थिर पाण्यातली समजा. वाहतं पाणी फूटभर, म्हणजे ३० सेंटीमीटर असलं तरी छोटी गाडी तरंगवतं आणि दोन फूट पाणी मोठी एसयूव्ही पण ढकलून नेतं. गढूळ पाण्याचा तळ दिसत नाही आणि घाटावर पाऊस पडला की इथे ऊन असताना लोंढा येतो. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत तो क्लेम बहुतेक वेळा नाकारला जातो.

वाटेवरची माणसं

हे छोटंसं आहे पण यावरच पुढच्या खेपेला वाट उघडी मिळते की दगड लावून बंद, ते ठरतं. समोरून गुरं आली तर गाडी कडेला, इंजिन बंद, हॉर्न नाही. बैल बुजला तर मागे चालणाऱ्या पोराच्या अंगावर जातो. डोक्यावर मोळी किंवा हंडा घेऊन बाई येत असेल तर तिने बाजूला व्हायचं नाही, आपण व्हायचं, ती वाट तिची आहे. उन्हाळ्यात घरांजवळून जाताना चालण्याच्या वेगाने, कारण आपल्या मागे जी धूळ उडते ती अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर आणि मिरच्यांवर बसते. गाणी बंद. पोरं गाडीमागे धावतात तर चॉकलेटं फेकू नका, पोरं चाकाखाली येतील एक दिवस.

चार-पाच गाड्या बास. दहा-पंधरा गाड्यांची रांग घेऊन जायचं ते वरातीसारखं दिसतं आणि शेवटच्या गाडीला वाट नाही, नांगरट मिळते. पुढे वाट माहीत असलेला, शेवटी सगळ्यात अनुभवी, आणि प्रत्येकाने मागची गाडी दिसत राहील असं चालायचं, पुढच्याची चिंता करू नका. गावात शिरताना पहिल्या गाडीतल्याने काच खाली करून रामराम घालायचा आणि मागे किती गाड्या आहेत ते सांगायचं, बस.

अडकलात तर

आधी उतरा आणि फावडं काढा. दहा अडकलेल्या गाड्यांमधल्या सहा-सात नुसत्या चाकांपुढची माती काढून, हवा अजून थोडी कमी करून आणि चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणारी खाचांची फळी) घालून निघतात, दोरीची गरजच लागत नाही. दगड आणि फांद्या तोडून चाकाखाली घालायच्या नाहीत, ते बांधावरचे दगड असतात.

दोरी लावायचीच तर गाडीच्या चेसिसवरच्या रिकव्हरी पॉइंटलाच. ट्रेलर ओढायचा जो टो बॉल असतो त्याला कधीच नाही, तो जोरात ताण आल्यावर तुटून गोळीसारखा येतो, लोक मेलेत त्याने. दोरीच्या मध्यावर जाड चादर किंवा भिजवलेली गोणी टाका, तुटली तर खाली पडेल. बाकी सगळ्यांनी दोरीच्या दीडपट लांब, आणि गावातली पोरं जमलेली असतात त्यांना सगळ्यात आधी लांब, त्यांना हे माहीत नसतं आणि ती नेमकी दोरीजवळ उभी राहतात. विंच (गाडीवरची वायर गुंडाळून ओढणारी मोटर) झाडाला लावत असाल तर रुंद पट्टा बुंध्याभोवती, अगदी खाली. नुसती वायर गुंडाळली तर साल कापली जाते, सगळ्या बाजूंनी साल गेली की झाड उभ्या उभ्या मरतं, आणि ते झाड कोणाचा तरी आंबा असतो.

गाडी निघाल्यावर खड्डे बुजवा. टाळ्या नंतर.

समुद्रकिनारा

किनाऱ्यावर गाडी न्यायचीच नाही, इथे माझं मत एवढंच आहे. नागाव, काशीद, उरण, दर सुट्टीला कोणाची तरी गाडी लाटांमध्ये उभी असते. ओली वाळू कडक दिसते, गाडी थांबली की चाकाखालून पाणी सुटतं आणि बसते. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांच्या आसपास मिळतात, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाणी चार-पाच मीटर चढतं, कोळ्यांना विचारा, ते वेळ सांगतील. पण हे झालं गाडीचं. दिवेआगर, हरिहरेश्वरकडे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास, वाळूच्या आत, वरून काही दिसत नाही. वरून चाक गेलं की संपलं. आणि पिल्लं निघाली तरी चाकाचा पट्टा त्यांना दरीसारखा असतो, त्यात पडतात आणि पट्ट्यातूनच चालत राहतात, समुद्र बाजूला राहतो, मग कावळे आणि कुत्री.

वाळलेलं गवत

बीएस सिक्स डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साठलेली काजळी जाळतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. पेट्रोलवाल्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पण कमी तापत नाही. फेब्रुवारीनंतर गुडघाभर वाळल्या गवतात गाडी उभी करून जेवायला बसलात तर खाली वणवा लागू शकतो, आणि जाळ वाऱ्यावर चढाने पळतो तो माणसापेक्षा जोरात. गाडी मातीवर किंवा कातळावरच लावायची, थांबलं की पोटाखाली अडकलेलं गवत काढायचं, एक्स्टिंग्विशर हाताला लागेल असा ठेवायचा, डिकीत सामानाखाली नाही. चूल, सिगारेट, त्याचं वेगळं सांगायला नको. गावाला तो चारा वर्षभर पुरवायचा असतो.

परत येताना, आणि काही मोडलंच तर

मेन रोडला लागण्याआधी चाकांतला चिखल झाडा. आपल्याला दोन ढेकळं वाटतात, मागून येणाऱ्या बाईकवाल्याला ओल्या डांबरावर तो साबण असतो. गाडी नदीत धुवायची नाही, घरी किंवा सर्व्हिस सेंटरला धुवा, आणि पुढच्या ठिकाणी जायच्या आधीच धुवा, कारण टायरच्या खाचांत आणि मडगार्डमध्ये गाजरगवत, रानमोडी, घाणेरी यांचं बी बसलेलं असतं, ते आपण फुकटात एका तालुक्यातून दुसऱ्यात पोचवतो. व्हिडिओ टाकलात तर जागेचं नाव नका टाकू. मी एकदा टाकलं, पुढच्या महिन्यात त्याच वाटेवर बिअरच्या बाटल्या फुटलेल्या आणि गावाने झाड आडवं टाकून वाट बंद केलेली, त्यांचं काहीच चुकलं नाही.

आणि बांध, कुंपण, पाइप, काही मोडलं तर पळू नका. नंबर सगळे लिहून घेतात हल्ली. माणूस शोधा, काय झालं ते दाखवा, आणि नुसती नोट पुढे करू नका, आधी काय करावं लागेल ते विचारा.

माझ्या त्या बांधाचं असं झालं की पैसे द्यायला लागलो तर काका म्हणाले पैसे मग बघू, उद्या सकाळी या आणि फावडं आणा. फावडं नव्हतं माझ्याकडे, कल्याणात रात्री दुकान उघडं मिळालं नशिबाने. दुसऱ्या दिवशी साडेसातला पोचलो. बांध घालणं म्हणजे माती टाकणं असं मला वाटायचं. तसं नसतं. त्यांनी आधी खांडाच्या दोन्ही कडा खरवडून ओल्या केल्या, नाहीतर नवी माती जुनीला धरत नाही. मग बाजूच्या पडीतून गवताच्या मुळांसकट मातीचे तुकडे कापले, ते विटेसारखे रचायचे, गवत बाहेरच्या अंगाला, मध्ये चिखल. प्रत्येक थरावर उभं राहून टाचेने दाबायचं. मी चवड्यांवर नाचत होतो तर म्हणाले, "टाचेनं, टाचेनं, लग्नात नाचताय का?" सगळं झाल्यावर त्यांनी हाताने बाहेरून चिखल सारवला, आणि वीस मिनिटं तिथेच बसून राहिले, मी म्हटलं झालं ना, तर बोट दाखवलं, खाली एका जागी बारीक धार लागली होती. खेकड्याचं बीळ. मूठभर चिखल कोपरापर्यंत हात घालून त्यात कोंबला, परत बसले, परत बघितलं, मग उठले.

आडवी झालेली रोपं परत लावायला दोन बाया लागल्या, त्यांची एका दिवसाची मजुरी आणि वर आवणाच्या (लावणीच्या रोपांच्या) जुड्यांचे पैसे, तेवढेच घेतले त्यांनी. वरच्या खाचरात पाणी चढायला मधल्या पावसामुळे दोन दिवस पुरले, ते फोनवर कळलं.

फावडं तेव्हापासून गाडीतच आहे. घेताना लांब दांड्याचं घ्या, ऑनलाइन ते घडीचं मिलिटरी टाइप मिळतं ते दिसायला भारी असतं पण आपल्या चिखलात तिसऱ्या घावाला दुमडतं.